बिबवेवाडीची पदयात्रा

मी त्यांच्या कार्यालयात पहिल्यांदा गेले ती पाण्याच्या टँकरची तक्रार घेऊन, आणि बाहेर पडले ती एका माणसाचा हात मोडताना पाहून.

खराडीतल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी होते. तक्रार मुद्द्यांत मांडून, टाइप करून नेली होती. नगरसेविकेच्या खुर्चीत तिचे यजमान बसले होते. प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला, म्हणून त्यांनी बायकोला उभं केलं आणि निवडून आणलं. आयटी पार्क ज्या जमिनींवर उभे राहिले, त्यांतल्या बऱ्याचशा त्यांच्या भावकीच्या. सगळा परिसर त्यांना भाऊ म्हणे, आणि म्हणून नगरसेविकेला वहिनी. वहिनी शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. डोक्यावर पदर, पुढ्यात शिक्का. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. भाऊंनी तो स्वतःकडे ओढला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

तेवढ्यात त्यांच्या ड्रायव्हरने एका माणसाला कॉलरला धरून आत आणलं. त्याने भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स फाडला होता.

"कुठल्या हातानं फाडला?" भाऊंनी विचारलं.

त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"डावखुरा हाय का उजवा, एवढं तर सांग. नायतर दोन्ही बघावे लागतील."

त्याने उजवा हात किंचित उचलला. ड्रायव्हरने तो टेबलाच्या कडेवर ठेवला आणि खाली दाबला. ओलं उसाचं कांडं गुडघ्यावर मोडताना येतो तसा आवाज आला. माणूस ओरडला, मग नुसता श्वास घेत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने पायरीवरून पडलो असं लिहून दिलं, हे मला नंतर कळलं.

वहिनींनी कपाखालचा कागद काढून घेतला. शिक्का त्यांनी एवढा घट्ट धरला होता की नखं पांढरी पडली होती. "तुमचा तिसरा मुद्दा नीट कळला नाही," त्या मला म्हणाल्या. "हे टँकर भरतात कुठून?"

त्या एका प्रश्नामुळे मी तिथे परत गेले. माझ्या कंपनीने आमचा प्रशासन विभागच बंद केला होता. बसच्या वेळा, कँटीन, कोण कुठे बसेल, ही माझी कामं दुसऱ्या कुठल्या शहरातून व्हायला लागली होती. वहिनींना कार्यालय सांभाळणारं माणूस हवं होतं. मला कामाला लागायचं होतं.

पुढे एकदा पालिकेच्या सर्वसाधारण सभेत वहिनी टँकरवर बोलल्या. थोडंच बोलल्या, पण कुठल्या विहिरीवर कोण टँकर भरतो ते नावानिशी सांगितलं. टँकरवाले भाऊंचे मित्र. संध्याकाळी भाऊ कार्यालयात आले तेव्हा मी फायली लावत होते. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलून वहिनींना फेकून मारला. तो खांद्यावर बसला.

"पालिकेत बोलाय गेली व्हतीस का सह्या कराय?"

"बोलायला," वहिनी म्हणाल्या.

मग भाऊंनी हाताने मारलं. थांबवायला मी मध्ये हात घातला तर मला कपाटावर ढकललं. ते गेल्यावर मी समोरच्या कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फ आणला. वहिनींनी तो रुमालात गुंडाळून खांद्यावर धरला आणि विचारलं, "उद्याच्या कामांच्या यादीत पहिलं काय आहे?"

"गटाराची झाकणं."

"टँकर वर घ्या."

त्या रात्री नाही, पण लवकरच, भर दुपारी टँकरवाल्यांच्या माणसांनी कार्यालयावर दगडफेक केली. काचेचा तुकडा माझ्या पिंढरीत शिरला, टाके पडले. मी काचा परत बसवल्या नाहीत, जाळी बसवून घेतली. स्वस्त पडते आणि हवाही येते.

असं चाललं असतानाच भाऊ स्वतःच्या हाताने अडकले. गावातल्या उरलेल्या जमिनीची मोजणी चालू होती आणि चुलतभावाने खुणेचा दगड कुठे रोवायचा यावरून शब्द वाढवला. भाऊंनी मजुराच्या हातातून फावडं हिसकावलं, पातं काढून फेकलं आणि दांड्याने चुलतभावाच्या डोक्यात मारलं, तो खाली पडल्यावरही मारलं. मोजणीदार टेप तिथेच टाकून पळाला. चुलतभाऊ जगला, पण एका डोळ्याने. भाऊ येरवड्याला गेले. ड्रायव्हर त्या दिवशी वहिनींना घेऊन पालिकेत होता, म्हणून तो बाहेर राहिला.

दुसऱ्या दिवशी वहिनी भाऊंच्या खुर्चीत बसल्या.

"वहिनी, ती भाऊंची खुर्ची हाय," ड्रायव्हर दारातून म्हणाला.

"माहीत आहे. तिचं एक चाक निखळलंय. तेवढं बसवून आण."

त्याने आणलं. पण तुरुंगातल्या प्रत्येक मुलाखतीला जाऊन तो कार्यालयातलं सगळं भाऊंना सांगत असे, आणि आम्हालाही सांगे की सांगितलं. लपवाछपवी नव्हती. तो भाऊंचा माणूस होता.

त्या काळात मोठ्या जलवाहिनीचं काम सुरू झालं. ज्यांचा धंदा बुडणार होता त्यांतला एकजण कार्यालयात आला, त्याने पिशवीतून कोयता काढला आणि वहिनींच्या पुढ्यात टेबलात हाणला. पातं लाकडात रुतलं. त्याला ते उपसून काढता येईना, एक हात टेबलावर टेकून तो ओढत राहिला.

"सावकाश," वहिनी म्हणाल्या. "बोट कापेल. आणि जाताना घेऊन जा, इथं विसरू नका."

बाहेर बसलेल्या बायकांनी हे पाहिलं. त्यांच्यातलीच कोणी तरी पहिल्यांदा त्यांना 'ताई' म्हणाली असावी. वहिनी म्हणजे भाऊंची बायको. ताई म्हणजे त्या स्वतः. काही महिन्यांत सगळा प्रभाग ताई म्हणायला लागला, मीही. ड्रायव्हर तेवढा वहिनीच म्हणत राहिला.

लोकसभेची उमेदवारी ताईंना मिळाली तेव्हा पक्षातले जुने लोक हसले. एकजण समोरच म्हणाला, "नळ सोडणारी बाई दिल्लीत काय करणार?"

"दिल्लीतही नळ असतीलच की, साहेब," ताई म्हणाल्या.

उमेदवारी जाहीर झाली आणि पाठोपाठ भाऊंना जामीन मिळाला. येरवड्यापासून गाड्यांची रांग, फटाके, वाटेत जेसीबीच्या बादलीतून फुलं. कार्यालयात येऊन ते थेट खुर्चीत बसले, हार गळ्यातच. ताई उभ्या राहिल्या. मला त्याच क्षणी कळलं की आता खरी निवडणूक ही आहे. समोरचा उमेदवार कोण, ते नंतर. त्या निवडून आल्या तर दिल्लीला नक्की कोण जाणार, हे आधी ठरायचं होतं.

बिबवेवाडीच्या पदयात्रेच्या सकाळी मी लवकर त्यांच्या घरी पोचले. भाऊ पोहे खात होते. ड्रायव्हर दाराशी किल्ली घेऊन उभा होता.

"आज शेवटी चौकात बोलायचंय," भाऊ ताईंना म्हणाले. "सांगायचं, मतदारसंघ भाऊ बघणार, मी फकस्त दिल्लीत सह्या करणार." मग ड्रायव्हरकडे न बघता म्हणाले, "आणि तू जबाब दे, मोजणीच्या वेळी दांडा तुझ्या हातात व्हता. थोडी वर्षं आत बसशील. घर मी बघतो."

ड्रायव्हरने ताईंकडे पाहिलं.

"तो तिथं नव्हताच," ताई म्हणाल्या. "माझ्याबरोबर होता. आणि चौकातही मी तसलं काही बोलणार नाही. दोन्ही होणार नाही."

भाऊंच्या हातात मोबाइल होता. त्याच्या कोपऱ्याने त्यांनी ताईंच्या कपाळावर मारलं. एकदाच, पण उठून, पूर्ण हात फिरवून. रक्त भुवईवरून पोह्यांच्या ताटलीत पडलं. भाऊंनी ताटली सरकवली.

मी म्हणाले, आधी दवाखाना, मग पोलीस, पदयात्रा रद्द. ताईंनी मान हलवली. "पदयात्रा होणार. मी घरी बसले तर चौकात माझ्या जागी हेच बोलतील." मी जखमेवर हळद दाबली, वरून कातडीच्या रंगाची चिकटपट्टी लावली आणि त्यावर मोठं कुंकू. भाऊ आरशाजवळ केस विंचरत होते. "झाका," ते मला म्हणाले, "तेवढं तरी नीट करा."

पदयात्रेत दारोदारच्या बायका उमेदवाराला ओवाळतात. लोकांना वाटतं हे आपोआप होतं. आपोआप काही होत नाही. प्रत्येक गल्लीत कोणती घरं ओवाळणार ते मी ठरवून ठेवलेलं असतं, ताटंसुद्धा आधीच पोचवलेली असतात. त्या दिवशी मी सगळ्या घरांना फोन करून सांगितलं, टिळा अलगद लावा, ताईंचं उन्हाने डोकं दुखतंय. सगळ्यांनी अलगद लावला. कुंकवावर कुंकू चढत गेलं. भाऊ ताईंच्या खांद्याला खांदा लावून हात जोडत चालत होते. ताईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्या प्रत्येक दाराशी थांबत होत्या.

एका बैठ्या चाळीच्या तोंडाशी एक आजी स्वतःचंच ताट घेऊन उभ्या होत्या. त्या माझ्या नियोजनात नव्हत्या. मी पुढे व्हायच्या आत त्यांनी ताईंची हनुवटी धरली.

"किती गं थापलंय हे," त्या म्हणाल्या. "आधीचं पुसते, मग माझं लावते."

पदराचं टोक ताटातल्या तांब्यात बुडवून त्यांनी कपाळ पुसलं. कुंकवाबरोबर पट्टी निघाली. जखम उघडी पडली आणि रक्ताचा ओघळ नाकाच्या कडेने खाली आला.

"हे कशानं?"

"कपाटाचं दार लागलं, आजी," भाऊ म्हणाले.

"मी तुम्हाला विचारलं नाही."

सगळे मोबाइल वर होते, ओवाळण्याचं चित्रीकरण चाललंच होतं. ताईंनी भाऊंकडे पाहिलं, मग आजींकडे.

"यांनी मारलं," त्या म्हणाल्या. "सकाळी. मी दिल्लीत यांच्या नावानं सह्या करणार नाही म्हटलं म्हणून."

भाऊ हसले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी आण. पदयात्रा संपली."

ड्रायव्हर जागचा हलला नाही.

"ऐकू येत न्हाय का रे?"

तो तसाच उभा. तेव्हा भाऊंनी ताईंचा अंबाडा मुठीत धरला आणि त्यांना रस्त्याकडे ओढलं. आजींचं ताट उडालं, निरांजनाचं तापलेलं तूप त्यांच्या मनगटावर सांडलं. ताई गुडघ्यावर पडल्या. मी भाऊंच्या दंडाला लटकले, त्यांनी कोपराने माझा ओठ फोडला. मग ड्रायव्हर आला. त्याने भाऊंचं मनगट धरून बोटं एकेक करून उकलली, हात पाठीमागे पिळला आणि त्यांना भिंतीवर दाबून धरलं.

"ताई," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "सोडू का?"

ताई उठल्या. साडीची धूळ झटकली. केस सुटले होते ते मागे घेतले, पिन शोधली, लावली. ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत होता आणि हात वर सरकवत होता. भाऊ आधी शिव्या देत होते, मग नुसते "ए, ए" करत होते. ताई बघत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. आणि मग तो आवाज आला, उसाच्या कांड्याचा.

"सोड," ताई म्हणाल्या.

ड्रायव्हरने सोडलं. भाऊ भिंतीला घसरत खाली बसले. त्यांना घेऊन जायला त्यांचीच दोन माणसं पुढे आली, तीही जरा थांबूनच.

ताईंनी आजींपुढे कपाळ केलं. आजींनी भाजलेल्या हाताने, जखमेच्या बाजूला, कुंकवाचं छोटं बोट लावलं.

"पुढची गल्ली कुठली?" ताईंनी मला विचारलं.

मी ओठावर रुमाल धरून सांगितलं. आम्ही निघालो. वाटेतल्या दवाखान्यात टाके घातले आणि उरलेल्या गल्ल्या पूर्ण केल्या. ताटं पोचलेली होती.

पक्षातून फोन आला, तक्रार मतदानानंतर करा. ताईंनी त्याच दिवशी केली. भाऊंचा जामीन रद्द झाला. हात प्लास्टरमध्ये घेऊन ते येरवड्याला परत गेले. हात मोडल्याचा गुन्हा ड्रायव्हरवर दाखल झाला. त्याने तो कबूल केला, कोणी सांगितलं नव्हतं असं म्हणाला, आणि ते खरंच होतं. ताईंनी त्याला वकील दिला. त्या निवडून आल्या. आता अधिवेशन असलं की दिल्लीत असतात आणि सह्या स्वतःच्या करतात. ड्रायव्हर जामिनावर आहे आणि गाडी चालवतो. लोक त्याला रस्ता करून देतात, पूर्वी भाऊंसाठी करायचे तसा. मी हे ताईंना एकदा बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझ्या लक्षात आहे."

मध्यंतरी त्या आजी कार्यालयात आल्या. चाळीत पाण्याला दाब नाही, टोकाच्या घरांना बादलीभरही येत नाही. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, मला टिपून घ्यायला सांगितलं. आजींच्या मनगटावर भाजल्याची खूण होती, ताईंच्या कपाळावर टाक्यांची. दोघी टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या होत्या, कोयत्याच्या खाचेच्या अल्याड-पल्याड.

उठताना आजी म्हणाल्या, "एक बोलू का, पोरी?"

"बोला."

"त्या दिवशी 'सोड' म्हणायला उशीर केलास."

दारातल्या ड्रायव्हरने मान खाली घातली. मी लिहायची थांबले.

"हो आजी," ताई म्हणाल्या. "केला."

आजींनी मान डोलावली, पिशवी उचलली. "पाण्याला करू नकोस," त्या म्हणाल्या आणि गेल्या.