जोंधळ्यावर टांगलेली सीडी

संगणक गेला तेव्हा आधी वास आला. तव्यावर विसरलेल्या शेंगदाण्यांसारखा, खरपूस आणि किंचित कडू. मी स्वयंपाकघरात डोकावले, तर तवा गार होता आणि सासूबाई लसूण सोलत होत्या. परत खोलीत आले तोवर पडदा काळा झाला होता. त्या काळोखामागे माझा कवितासंग्रह होता, प्रकाशकाला कबूल केलेला, शेवटच्या कवितेत अडकलेला.

आमच्या लासुर्णे गावाहून एका बाजूला बारामती, दुसऱ्या बाजूला इंदापूर. पतिराज आणि मी आधी बारामतीला गेलो. तिथल्या दुकानदाराने पेटीचे झाकण काढले, आत साचलेली उसाच्या पाचटाची काळी राख फुंकली आणि मदरबोर्ड जळाल्याचे सांगितले. हा बोर्ड आता मिळायचा नाही, नवे यंत्र घ्या, असे म्हणून त्याने झाकण इतक्या हळुवारपणे लावले की मला पुढच्या विधींची चौकशी करावीशी वाटली.

इंदापुरात, बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत, एक जुन्या सुट्या भागांचे दुकान सापडले. भिंतीवर वायरींच्या जुड्या मेथीच्या जुड्यांसारख्या टांगलेल्या. डिंकाचा, धुळीचा आणि आल्याच्या चहाचा मिळून एक वास. दुकानदाराने बरीच उलथापालथ करून एक बोर्ड काढला.

“ह्यो बसंल. पण कंपनी दुसरी हाय. जुनी विंडोज ह्याला वळखायची न्हाय. सगळं पुसून नवी टाकावी लागंल.”

“आणि माझ्या कविता?”

“फायली काढून देतो की मॅडम. जात्यात ते प्रोग्राम.”

माझी हार्डडिस्क शाबूत होती. ती त्याने स्वतःच्या यंत्राला जोडली आणि खात्रीसाठी एक कविता उघडून दाखवली. पडद्यावर रोमन अक्षरे, त्यांच्या डोक्यांवर टिंबे आणि शिंगे, मधूनच एखादे पौंडाचे चिन्ह. तो आदराने पाहत राहिला.

“इंग्लिशमधी लिवता व्हय?”

ती मराठीच होती. फक्त ती माझ्या जुन्या टायपिंगच्या प्रोग्राममधून आली होती आणि त्याच्याशिवाय तिला रूप नव्हते. मी नोकरीला लागले तेव्हा तो प्रोग्राम एका सीडीवरून घातला होता. सीडी देणाऱ्याने पुढे आपले संगणकाचे दुकान बंद करून रोपवाटिका काढली. त्या प्रोग्रामचा कळफलक जगात दुसऱ्या कुणाचा नसावा, पण माझ्या बोटांना तेवढाच येतो. फोनवर मी एका बोटाने निरोप लिहिते, कविता नाही. प्रोग्राम गेला तर झालेल्या कविता वाचता येणार नाहीत आणि राहिलेली लिहिता येणार नाही, इतके ते सरळ होते.

“मग सीडी आणा. सीडी असली तर काय अवघड न्हाय,” दुकानदार म्हणाला.

घरी येऊन कपाटे उपसली, ट्रंका उपसल्या. सीडीचे पाकीट सापडले. माझ्याच अक्षरात वर ‘जपून ठेवणे’ असे लिहिलेले, आणि आत काही नव्हते. जेवताना मी विषय काढला.

“गोल? चकाकणाऱ्या?” सासूबाईंनी भाकरी मोडता मोडता विचारले. “त्या मीच नेल्या की. जोंधळ्यावर बांधल्यात.”

पतिराजांनी ताटात पाहिले. दोरा त्यांनीच ओवला होता, हे मला त्यावरून कळले.

सकाळी शेतात गेले. कणसे दुधाने भरून वाकली होती आणि त्यांच्यावर, बांबूंमध्ये ताणलेल्या दोऱ्यांवर, माझ्या घरातला सगळा चकचकाट गरगर फिरत होता. पानांवरून इंद्रधनुष्याचे तुकडे धावत होते. दृश्य सुंदर होते, हे मी नाइलाजाने मान्य केले. दिरांच्या लग्नाची चित्रफीत होती, कसल्याशा खताची जाहिरात होती आणि मधोमध, सर्वांत उंच, माझी मराठी होती.

“ती मधली नगं काढू,” सासूबाई बांधावरून म्हणाल्या. “तिच्यानंच पाखरं हटत्यात. लग्नाची ने.”

“आत्याबाई, लग्नाच्या सीडीने कविता कशी टाइप होईल?”

“मग मला बाजारातनं दुसरं कायतरी चकाकणारं घिऊन दे.”

अशा रीतीने सासूबाईही आमच्याबरोबर इंदापूरला आल्या.

दुकानदाराने सीडी सदऱ्याच्या टोकाने पुसली, उजेडात धरली. “हिच्यावर पाखरांनीच लिवलंय, मॅडम.” तरी त्याने ती आत सरकवली. आत काहीतरी घरघरले, थांबले, पुन्हा घरघरले आणि खण अदबीने बाहेर आला. तीनदा आला.

तेवढ्यात पतिराज, ज्यांना संगणकातले फक्त बटण ठाऊक आहे, म्हणाले, “ट्रॅक्टरचं इंजिन बदललं तर ट्रॅक्टर मोडीत काढतो का आपण? इंजिन बसवायचं, चालू करून बघायचं. मग आरटीओत जाऊन नंबर चढवायचा.”

“ह्ये ट्रॅक्टर न्हाय, दादा.”

“पुसायला काय, कधीबी पुसता येईल.”

दुकानदाराने पेचकस उचलला. “बरं. फायली काढून ठिवल्यात. जुनीच डिस्क लावून बघू. पण निळा पडदा येऊन सगळं अडलं तर मला बोलायचं न्हाय.”

बोर्ड बसला, डिस्क जोडली, बटण दाबले. ठिपक्यांचे एक वर्तुळ फिरू लागले. यंत्र बंद झाले, आपले आपणच चालू झाले, पुन्हा बंद झाले. आणलेल्या चहावर साय धरली. मग अक्षरे आली, नको तेवढी जाड. आवाज गेला होता, घड्याळ कुठल्यातरी जुन्या सालात होते आणि पडद्याच्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत विंडोजची नोंदणी करण्याची सूचना उमटली.

“बघा, आरटीओ,” पतिराज म्हणाले.

“त्ये बघतो मी मागनं. आधी टाइप करा, मॅडम.”

मी प्रोग्राम उघडला. बोटे कळांवर ठेवली तेव्हा ती मला नवख्या घरात आलेल्या पाहुण्यांसारखी अवघडलेली वाटली. मग उजवी करंगळी, मला न विचारता, तिच्या सवयीने बाजूला सरकली आणि पडद्यावर ‘ळ’ उमटला. गोल, दोन्ही पोटे भरलेला. मी पुन्हा कळ दाबली. पुन्हा तोच. मला थांबवेना, ओळीच्या टोकापर्यंत मी तेच अक्षर पेरीत गेले.

“ही कविता?” पतिराजांनी हळूच विचारले.

“मराठी हाय की,” दुकानदार म्हणाला.

सासूबाईंनी चष्मा सावरला, पडद्याजवळ वाकून ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाचली आणि पिशवी काखोटीला मारली.

“ह्येवढ्यासाठी,” त्या म्हणाल्या, “भर दाण्यात आलेलं रान उघडं टाकून आणलंस व्हय मला?”