मुद्देमालातले सांडे

मानपाड्याच्या एका रंगाच्या कंपनीत काळुराम भोईरने एकोणीस वर्षं काढली. कंपनी बंद पडली तेव्हा त्याच्याकडे उरली ती ॲसिडने भाजून बधिर झालेली बोटं आणि न बोलता काम करायची सवय. शीळफाट्याजवळच्या शेडमध्ये दोन्ही उपयोगी पडलं. ही शेड जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका लहानशा संस्थेची. सोसायट्यांतून पकडलेले साप, मांज्याने पंख कापलेल्या घारी, गाडीखाली आलेली माकडं तिथे यायची. माकड कितीही चावलं तरी काळुराम पकड सोडायचा नाही. डॉक्टर ऋजुता त्याच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. ती त्याला काळूमामा म्हणायची, तो तिला मॅडम.

मार्चमध्ये पोलिसांच्या गाडीतून तीन पोती उतरली. पहिल्याचं तोंड सोडलं तर आत एकमेकांवर निपचित पडलेले काटेरी शेपट्यांचे सरडे. मेले असणार, असं समजून तो पोतं रिकामं करायला लागला, तेव्हा त्यांचे डोळे हलले.

ते सांडे होते. वाळवंटात बिळं करून राहणारे, पाला आणि फुलं खाणारे, राजस्थानातून पोत्यांत भरून आणलेले. ऋजुताने एकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या.

"कंबर मोडलीय, मामा," ती म्हणाली. "पकडल्या पकडल्या मोडतात. पळू नयेत म्हणून."

सांड्याच्या चरबीचं तेल काढून विकतात; त्याला ताजी चरबी लागते, म्हणून आधी जीव घेत नाहीत. सांडा न खाता-पिता आठवडेच्या आठवडे तग धरतो, त्यामुळे पोत्यात ठेवायला सोपा. असे सदतीस होते.

विकणारा प्रशांत डोंबिवलीतच राहणारा, इस्त्रीच्या शर्टातला, सभ्य बोलणारा माणूस. सांधेदुखीवर आणि मर्दानगीवर म्हणून तो छान बाटल्यांतून हे तेल ऑनलाइन विकायचा. पंचनाम्यासाठी त्याला शेडमध्ये आणलं, तेव्हा काळुराम एकेकाला उचलून वाळूत ठेवत होता. प्रशांत थोडा वेळ बघत राहिला. मग पत्ता सांगावा तसं त्याने सांगितलं, "काका, एवढं जपून नका उचलू. कंबरेखाली त्यांना काही कळत नाही."

काळुराम तसाच जपून उचलत राहिला. पण ते खरं निघालं. आठवड्याभरात मुंग्या लागल्या. पुढच्या पायांवर सरपटत सांडा मुगाच्या मोडांपर्यंत जायचा, शांतपणे खात बसायचा, आणि मागून मुंग्या त्याला खात असायच्या. काळुराम सकाळ-संध्याकाळ ओल्या कापसाने मुंग्या टिपायचा. मागच्या पायांची बोटं सडून गळायची, ती वाळूतून वेचायचा.

ऋजुताने त्यांना इंजेक्शन देऊन वेदनेतून सोडवायची परवानगी मागितली. उत्तर आलं की हे सांडे खटल्यातला मुद्देमाल आहेत, कोर्टाच्या आदेशाशिवाय ते नष्ट करता येणार नाहीत. तिने पुन्हा अर्ज केला, मग तिसऱ्यांदा केला. त्या अर्जांना उत्तर आलं नाही. जो मरेल त्याच्या पायाला नंबर बांधून तो फ्रीजरमध्ये ठेवायचा, एवढी सूचना होती. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका प्राणीसंग्रहालयाने दिसायला धड असे सहा नेले. बाकीचे आपल्या दमट हवेत टिकेनात. जूनमध्ये त्यांच्या नाकातोंडातून फेस यायला लागला. श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. जुलै उजाडला तेव्हा फ्रीजरमध्ये सत्तावीस होते आणि वाळूत चार.

एका दुपारी ऋजुता कल्याणला गेलेली असताना काळुरामने त्या चौघांच्या डोक्यावरचा बल्ब लावला. सांडा गारठला की काळपट पडतो, ऊब लागली की अंगाचा रंग वाळूसारखा होतो. चौघंही तसे होईपर्यंत तो तासभर थांबला. मग त्याने शेडमधली हातोडी घेतली. प्रत्येकाला एकच घाव लागला. हातोडी धुऊन त्याने जागेवर ठेवली, चौघांना नंबर बांधले, आणि ऋजुता आल्यावर तिला सांगितलं.

ती स्टुलावर बसली.

"हे मला सांगायला नको होतंत, मामा."

"फ्रीजर उघडला की दिसणारच, मॅडम. डोकं फुटलेलं आहे."

रिपोर्ट तिलाच लिहावा लागला. तिने खरं तेच लिहिलं. संरक्षित प्राणी मारल्याचा गुन्हा काळुरामवर दाखल झाला. संस्थेने त्याला त्याच आठवड्यात काढून टाकलं. ऋजुताने नंतर दोनदा फोन केला. त्याने उचलला नाही.

डिसेंबरात त्याच्या मुलीने, शिवानीने, त्याला ते प्राणीसंग्रहालय दाखवायला नेलं. बाबा घरात बसून बसून खंगतायत, निदान जगलेले तरी बघतील, असं तिला वाटलं. काचेमागे वाळवंटाचं चित्र रंगवलेलं होतं. सहातले दोन उरले होते. ते चित्रातल्या टेकडीला नाक लावून भिंत खरवडत होते. भर बारा वाजता दोघंही काळपट होते. वरचा बल्ब गेलेला. लोक काचेवर टकटक करत होते, प्लास्टिकचे आहेत म्हणत होते. काळुरामने तिथल्या माणसाला गाठून बल्बचं सांगितलं. माणूस म्हणाला, इलेक्ट्रिशियनला कळवलंय, दिवाळीपासून.



कोर्टात सरकारने दिलेल्या वकिलाने त्याला पढवलं होतं की ते आजारी होते, आपोआप मेले असतील, एवढंच म्हणायचं. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर काळुराम म्हणाला, "मारले. चौघांना." तीन वर्षांची शिक्षा झाली. प्रशांतचा खटला मात्र अजून चालू आहे. जप्त केलेले प्राणी ताब्यात असताना मेले, त्यांच्या कंबरा तिथेच मोडल्या नसतील कशावरून, असा त्याच्या वकिलाचा मुद्दा आहे.

अपिलात काळुरामला जामीन मिळाला. कोणत्याही वन्यप्राण्याला हात लावायचा नाही, ही जामिनाची एक अट. आता तो कळव्याच्या एका टॉवरमध्ये वॉचमन आहे. मागच्या महिन्यात पार्किंगमध्ये धामण निघाली, लांबलचक, निर्विष. तो ओरडून सांगत होता की काही करणार नाही, जाऊ द्या तिला. लोकांना त्याचा जुना धंदा माहीत होता. ते म्हणाले, मग पकड ना. तो हात मागे बांधून उभा राहिला. चौघांनी बांबूंनी तिला ठेचलं. पंधरा-वीस मिनिटं लागली, कारण कुठे मारायचं ते त्यांना माहीत नव्हतं.