नऊ घरं, आठ ठिगळं

नाही, ते आधीचं खोडू नकोस, राहू दे. पुराच्या गोष्टी लिहून घेतेयस ना, ते पुढचं मागाहून सांगते. आधी टाचणीचं लिही, नाहीतर माझ्या डोक्यातून जाईल आणि तू म्हणशील, आज्जी भलतीकडेच वळली.

टाचणी म्हणजे आपला शिंपी. तू त्याला शिंपीआजोबा म्हणतेस, पण आमच्या ओळीत सगळे टाचणीच म्हणायचे. एक तर अंगाने तसाच, काडी आणि वर डोकं. दुसरं म्हणजे तोंडात कायम चार टाचण्या धरलेल्या. त्यामुळे बोलणं काय, तर "हं" आणि "हूं". बाया कापड टाकायला जायच्या, तासभर सासू-नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगायच्या आणि बाहेर येऊन म्हणायच्या, किती समजूतदार माणूस आहे. अगं, तो बोलणार कसा, तोंडात टाचण्या.

पुढे दुकान, मागे घर, आणि त्यात तो एकटाच. आई होती, तिनेच त्याला शिवण शिकवलं, तिच्याच पायमशीनवर. ती गेल्यावर तो आणि ती मशीन, एवढाच संसार. तेल घालताना तिच्याशी बोलायचा, मी ऐकलंय. माणसांशी नाही, मशीनशी.

नदीकाठची आमची घरं नऊ. वरचं धरण भरलं की भोंग्याची गाडी यायची, पाणी सोडणार आहेत, घरं रिकामी करा. हातात अर्धा दिवस. पहिल्या वर्षी मी काय केलं ते पण लिही, लपवू नकोस. नुसती घरभर फिरले. हे उचल, ते ठेव, परत ते उचल. पाणी अंगणात आलं तेव्हा मी बाहेर पडले ती हातात एक झाकण घेऊन. डबा घरात, डब्यात पीठ, झाकण माझ्याकडे. वर शाळेच्या ओट्यावर तुझे आजोबा त्या झाकणाकडे बघत बसले.  रागावले असते तर बरं झालं असतं.

ते झाकण टाचणीनेही बघितलं होतं. दुसऱ्या वर्षी पावसाच्या आधी त्याने सगळ्यांना दुकानात बोलावलं. तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या, तेव्हाच आम्ही ओळखलं, काहीतरी मोठं आहे. म्हणाला, "आपल्या घरचं सामान आपण बांधायचं नाही. शेजाऱ्याचं बांधायचं. आपल्या वस्तूत आपला जीव अडकतो, हात चालत नाहीत. दुसऱ्याच्या घरात भराभर चालतात."

शेजारच्या गिरणीवालीने माझ्याकडे बोट केलं. "म्हणजे माझ्या कपाटात ही हात घालणार?"

"तू माझ्या कपाटात घाल की," मी म्हटलं. "तुझा डोळा तसाही तिकडेच असतो."

झालं, जोड्या लागल्या. मी आणि गिरणीवाली, सुतार आणि त्याच्या पलीकडचे, असं करत. शिवाय टाचणीने उरल्यासुरल्या कापडाचे मोठे थैले शिवले, खांद्याला अडकवायचे पट्टे लावून. घराला एक. ज्याच्या-त्याच्या थैल्यावर वेगळं ठिगळ. माझं पिवळं, गिरणीवालीचं हिरव्या चौकटीचं, सुताराचं लाल. मी आपली समजत होते, शोभेला लावलंय. अगं, त्या ओळीत वाचता न येणारी मी एकटीच. खडूने नावं लिहिली असती तर मला दुसऱ्याला विचारावं लागलं असतं. हे माझ्या डोक्यात फार उशिरा आलं, आणि तो आजतागायत कबूल करत नाही.

त्या वर्षी भोंगा सकाळी आला. मी गिरणीवालीच्या घरात शिरले आणि दोन तासांत घर थैल्यात. माझं घर बांधता बांधता ती मध्येच डोकावली आणि भांडण झालं ते फक्त एका पारड्यावरून. तराजूचं एक पारडं, दुसरं कधीचंच हरवलेलं.

"ते घे."

"एकच आहे."

"दुसरं सापडेल कधीतरी."

"पाण्यात शोधायचं असेल तर बस इथे."

तिने ते पदराखाली लपवून आणलंच. असो.

टाचणी सगळ्यांकडे फिरत होता. इथे गाठ मार, तिथे पट्टा ओढ. मी विचारलं, "तुझं काय?" म्हणाला, "माझं झालं." मी बरं म्हटलं आणि पुढे गेले. तिथेच चुकले.

दुपारी सगळे शाळेत पोचलो. थैले ओळीने भिंतीला लावले. मला सवय, डोळ्यांनी मोजते मी. पिवळं, हिरवं, लाल, निळं. आठ. परत मोजले, आठच. घरं नऊ आणि ठिगळं आठ.

"टाचणीचा थैला कुणी आणला?"

सुतार म्हणाला, "मला वाटलं गिरणीवाल्या वहिनींनी." ती म्हणाली, "मला वाटलं सुतारदादांनी." सगळे असेच. नऊ घरांच्या जोड्या लावल्या तर एक उरणारच, आणि जोड्या लावल्या कुणी, तर त्यानेच. आम्हा एवढ्या माणसांत एकाला सुचलं नाही.

आम्ही तिघं खाली धावलो, मी, गिरणीवाली आणि सुतार. दुकानाच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलेलं. आणि हा आत स्टुलावर उभा राहून लोकांची अर्धी शिवलेली कापडं माळ्यावर टाकतोय. मशीन खाली जमिनीवरच. तेल घालून, पुसून, आईच्या जुन्या चादरीत गुंडाळलेली. निरोप द्यायला काढल्यासारखी.

"ही का नाही नेली?" मी ओरडले.

"अक्का, ती उचलायला चार माणसं लागतात. चार माणसं दोन घरं रिकामी करतात." खाली न बघता म्हणाला. "लोकांची कापडं महत्त्वाची."

"आणि उद्या ती कापडं कशावर शिवणार? माझ्या डोक्यावर?"

सुताराने सरळ दुकानाचं दार बिजागरीतून काढलं आणि आडवं टाकलं. त्यावर मशीन ठेवली, चार कोपरे चौघांनी धरले. आणि बाई गं, त्या दिवशी त्याच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. चढ चढेपर्यंत थांबला नाही. तिरकी धरू नका, चाक सांभाळा, वहिनी तुम्ही खांदा पाडताय, अक्का तुम्ही घाई करताय. गिरणीवाली धापा टाकत म्हणाली, "याच्या तोंडात टाचण्या घाला रे कुणीतरी."

शाळेच्या ओट्यावर मशीन टेकली. खाली बघतो तर दुकानाची चौकट बुडालेली. त्याने आधी चाक फिरवून बघितलं. मग मी आईच्या त्या चादरीचा मोठा तुकडा टर्रकन फाडला आणि त्याच्या हातात दिला. "बस. स्वतःचा थैला शिव. आमच्यासमोर." शिवला त्याने, तिथेच ओट्यावर, पाय मारत. ठिगळाला वेगळ्या रंगाचं कापड नव्हतं, तर गिरणीवालीने आपल्या हिरव्या चौकटीतलं अर्धं उसवून दिलं. तेव्हापासून आमच्या जोडीत तीन घरं.

आता त्याची नजर गेली आहे, गुडघे माझ्यासारखेच. आणि आज सकाळी भोंग्याची गाडी परत येऊन गेली, तू ऐकलंस ना? मग ठेव ती पेन्सिल. जा, शिंपीआजोबांना सांग, आज्जी आणि गिरणीवाली आज्जी निघाल्यात, सुताराच्या मुलाला दार काढायला सांगितलंय. आणि ते म्हणतील, माझं झालं. तर ऐकून घेऊ नकोस, आत जाऊन बघ मशीन कुठे आहे ती.