न उडालेला सुरुंग

बहात्तरच्या दुष्काळात पारनेर तालुक्यातली आमची विहीर कोरडी पडली. थोरला चुलतभाऊ आणि मी ती खोल करत होतो. पहारीने खडकात भोके पाडायची, त्यांत दारू ठासायची, वाती पेटवून दोराने वर यायचे. वाती तो पेटवी. वर दोर मी ओढी. मला पोहता येत नव्हते, झाडावर मी कधी चढलो नव्हतो. निदान वाती तरी एकदा पेटवून पाहाव्यात, असे वाटू लागले. मी तसे भावाला सांगितले.

"तू? बोकड आडवा आला तर बांधावरनं फिरून जातोस," तो हसला. "जा. पन सुरुंग उडाला न्हाई तर ज्यानं वात लावली त्यानंच निस्तरायचा, ठाव हाय ना?"

कमरेची गाठ त्याच्याकडून तपासून घेऊन मी उतरलो. वाती पेटवल्या, त्याने मला वर ओढले. भोके पाच होती. आवाज चार झाले.

"पाचवा तुझ्यासाठी थांबलाय," भाऊ म्हणाला.

रिवाजाप्रमाणे सकाळपर्यंत कोणी खाली गेले नाही. अशा भोकातली दारू भाऊ लाकडी काटकीने कोरडीच उकरून काढी. त्यात ती उडण्याची भीती असे. आधी पाणी ओतून भिजवली तर भीती नव्हती. सकाळी उतरण्याआधी मी पाणी मागितले.

घरात टँकरच्या पाण्याची एकच घागर उरली होती, बैलासाठी राखलेली. जोडीतला दुसरा बैल आधीच गेला होता. वहिनी घागर घेऊन काठावर आली.

"भावजी, धाडस करायचं हुतं ना तुमाला? मग कोरडंच उकरा की."

"वहिनी, मला मरायचं नाही."

"त्यालाबी न्हाई," गोठ्याकडे बघत ती म्हणाली. मग तिनेच घागरीला दोर बांधला. मी उतरलो, भावाने घागर खाली सोडली.

भोक भरले तरी मी थांबलो नाही. दारू पुरती भिजावी म्हणून घागर रिकामी केली. पाणी खडकाच्या फटीत गेले. दारूचा चिखल उकरून काढला आणि मी सुखरूप वर आलो.

त्या दिवशी टँकर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी बैल बसला. आम्ही दोघांनी खांदा लावला, शेपटी पिळली. तो उठला नाही. वहिनी त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकत होती.

"भावजी, तुमी जेवून घ्या," ती म्हणाली.