उजव्या पंखावरची रेघ

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मस्तगडच्या माझ्या दुकानात बांगड्यांची खोकी लावत होते. "ताई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "विमानात बसला होता का?"

"न्हाई हो. शेडमध्ये स्टुलावर बसल्ते. छातीत दुखून राह्यलं म्हणले, अन्..."

मला हायसं वाटलं. सख्खा भाऊ गेला आणि मला हायसं वाटलं. त्याला पाच आठवडे झाले.

दादा आष्टीत ट्रॅक्टरची अवजारं दुरुस्त करायचा. चार वर्षांपूर्वी त्याने दोघांना बसता येईल असं विमान सुट्या भागांत मागवलं आणि शेडमध्ये जोडायला घेतलं. गाव यायचं बघायला. "मिस्तरी, मागं नांगर बी जोडता का?" कुणी विचारलं की तो म्हणायचा, "जोडतो की. धरायला तू चल वर."

मला हसू येत नसे. दर रविवारी मी एसटीने जायचे, ते त्याच्यावर नजर ठेवायला. पंखांच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या फळ्या असतात, एलेरॉन म्हणतात त्यांना. चालवणाऱ्याच्या हातातला दांडा डावीकडे नेला की डावी फळी वर जाते, उजवी खाली, आणि विमान डावीकडे कलतं. त्या जोडल्या त्या दिवशी दादाने मला आत बसवलं आणि स्वतः विमानाच्या पुढे उभा राहिला. मी दांडा डावीकडे नेला.

"बराबर!" तो ओरडला.

मी मान वळवून पाहिलं. "दादा, डावी खाली गेलीय."

"वर हाय की!"

"तुझी डावी वर आहे. तू तोंड इकडे करून उभा आहेस."

तो फिरून मागे आला, पाहिलं, आणि तिथेच जमिनीवर बसला. तसाच उडाला असता तर सावरायला दांडा एकीकडे ढकलला असता आणि विमान दुसरीकडे उलटलं असतं. उलट्या जोडलेल्या तारा त्याने त्याच दिवशी सोडून पुन्हा जोडल्या.

पुढच्या रविवारी त्याने माझ्या दुकानातून नेलपॉलिशच्या दोन बाटल्या मागवल्या, लाल आणि गुलाबी. नट आवळला की नटावरून बोल्टवर रेघ ओढायची. नट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. लाल रेघ त्याची. मग मी पाना लावून तपासायचं आणि शेजारी गुलाबी ओढायची. "तुझी रेघ आल्याबिगर म्या बसत न्हाई, सुमे."

तेव्हापासून भीती दुप्पट झाली. आधी तो त्याच्या चुकीने मेला असता, आता माझ्या. घरी गॅस बंद केला का, हे मी तीनदा पाहू लागले.

शेवटी एकच बोल्ट राहिला, उजव्या एलेरॉनच्या टोकाकडच्या बिजागरीचा. तो पक्का होता. मी म्हणाले, "हलतोय." दादाने नवा नट घालून आवळला. पुढच्या रविवारी मी पुन्हा म्हणाले, "हलतोय." तिसऱ्या वेळी त्याने पाना खाली ठेवला.

"भ्याव वाटून राह्यलं तर तसं सांग. बोल्टाचं खोटं सांगू नको."

"भीती वाटते."

"मंग राहू दे. म्या थांबतो."

तो थांबला. परवानगीचे कागदही रखडलेले होते, पण तो थांबला माझ्यासाठी. दर रविवारी विमान पुसायचा, मला चहा द्यायचा, त्या बोल्टाचं नाव काढत नसे.

आता दुसऱ्या जिल्ह्यातले एक गृहस्थ ते विमान न्यायला तयार आहेत. मागच्या रविवारी शेवटची रेघ ओढायला मी गेले. बाटली उघडली, ब्रश बोल्टाजवळ नेला. हात अजिबात थरथरला नाही, आणि त्याचीच मला धास्ती वाटली. आत माझं कुणी बसणार नव्हतं, म्हणून इतकं सोपं वाटत होतं का?

मी बाटली बंद केली. पहिल्या बोल्टापासून पुन्हा पाना लावत आले. मग वहिनीला आत बसायला सांगितलं. ती त्या विमानात कधीच बसली नव्हती. मी पंखांच्या मागे उभी राहिले, तिचं तोंड होतं त्याच दिशेला तोंड करून.

"डावीकडे ने."

डावी फळी वर गेली, उजवी खाली.

"बराबर हाय का, ताई?" तिने आतून विचारलं.

"अजून एकदा," मी म्हणाले.

तिने पुन्हा नेला. मग मी त्याच्या लाल रेघेशेजारी माझी ओढली आणि ती वाळेपर्यंत तिथेच उभी राहिले.