सुदामच्या पंच्याहत्तरीचं जेवण

पांढुर्ण्याहून सौंसरला जाणारी बस त्या शनिवारी वेळेवर सुटली, हीच पहिली अडचण झाली. ती अर्धा तास तरी उशिरा सुटेल आणि तेवढ्या वेळात स्टँडवर बसून मी माझी वाक्यं जुळवीन, असा माझा हिशेब होता. ड्रायव्हरनं ती सवड दिली नाही.

निघताना बायको दारापर्यंत आली होती. "सांगाचंच आहे तर सांगा," ती म्हणाली, "पण त्याईचं जेवण झाल्यावर सांगजा."

जे सांगायचं होतं ते असं. सुदाम माझा शाळेपासूनचा मित्र. सौंसरच्या हायस्कुलात असताना मी भाड्याच्या खोलीत राहत होतो, पण जेवत बहुतेक त्याच्याच घरी होतो. त्याची आई मला आधी वाढायची, मग त्याला. पन्नास वर्षांपूर्वी माझं लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याजवळच्या आमच्या गावी गावजेवण होतं. आम्ही कुणबी, सुदाम बौद्ध. वडील म्हणाले, तो पंगतीत बसला तर तुझे काका-मामा उठून जातील, त्याला मागच्या अंगणात वेगळं बसव. वडिलांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती. सुदामला मागे बस म्हणायचीही नव्हती. मग मी तिसरंच केलं. पहाटे त्याला म्हटलं, "सरबताला बर्फ पाहिजे. पांढुर्ण्याचा कारखाना बंद आहे. नागपूरहून आणतोस का? तुझ्याशिवाय कोणावर भरवसा नाही."

कारखाना चालू होता. सुदाम नागपूरला गेला आणि संध्याकाळी परतला, तोवर पंगती उठल्या होत्या.

तेव्हापासून सुदाम ही हकीकत आनंदानं सांगत आला आहे. मे महिन्याचं ऊन, भुशात गुंडाळलेली लादी, तिच्यावर स्वतःचा शर्ट काढून टाकलेला, पॅसेंजरमध्ये बनियनवर बसलेला तो, आणि डब्यातल्या बायकांचं हसणं. शेवट ठरलेला: "मनोहरले माझ्याशिवाय कोणावर भरोसाच नोता." दर वेळी मी शेजारी बसून हसत आलो. या प्रवासात ते खोटं काढून टाकायचं मी ठरवलं होतं. या वयात मित्र गेला तर नवा मिळत नाही, हेही कळत होतं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, मधूनमधून संत्र्याचे बगीचे. शेजारच्या सीटवर संत्र्यांचं पोतं पायांत धरून एक शेतकरी बसले होते.

"कुठं चालले, बाबूजी?"

"नागपूरला. मित्राचा वाढदिवस आहे."

"मोठे झाले असन आता मित्र."

"पंच्याहत्तर."

"मंग बरोबर आहे. आता तं दरसाल कराच लागते," असं म्हणून त्यांनी मला दोन संत्री दिली. सौंसर येईपर्यंत मी दोन्ही खाऊन टाकली.

सौंसरला सुदाम आपल्या घराच्या अंगणात कोट घालून उभा होता. पोस्टातून निवृत्त होताना शिवलेला तो कोट आता पोटावर बंद होत नाही. त्याची मुलगी प्रज्ञा नागपुरात इंजिनिअर आहे. हे जेवण तिच्याकडून होतं, आणि आम्हाला न्यायला ती गाडी घेऊन आली होती. कमलवहिनी आधीच मागच्या सीटवर, मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या.

"मास्तर, बस लवकर," सुदाम म्हणाला. (मी शाळेत मास्तर होतो.) "भूक जपून ठेवून राहिलो मी सकाळपासून."

लोधीखेडा गेलं, सावनेर आलं, आपण महाराष्ट्रात आल्याचा निरोप मोबाइलनं दिला. सुदाम जुनी गाणी म्हणत होता आणि शब्द आठवले नाहीत तिथे शिट्टी वाजवत होता. मी मनातल्या मनात पहिलं वाक्य घोकत होतो.

"भाऊजी, तब्येत बरी नाई काय?" वहिनींनी विचारलं.

"संत्री जास्त झाली," मी म्हटलं. ते अर्धं खरं होतं.

हॉटेल एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. आत पाऊल टाकताच सुदाम थबकला. "लाइन गेली काय?" (आमच्याकडे वीज जाते तेव्हा लाइन जाते.) लाइन गेली नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात जेवण्याची ती पद्धत होती. मेनू दिसेना म्हणून प्रज्ञानं मोबाइलचा टॉर्च धरला. स्टेक म्हणजे मटणाचा जाडजूड, बिनहाडाचा, तव्यावर भाजलेला तुकडा, असं तिनं समजावलं.

वेटर पन्नाशीचे, टाय लावलेले गृहस्थ होते. त्यांनी अदबीनं विचारलं, "कसं शिजवून आणू? आतून जरा गुलाबी, की पूर्ण?"

"गुलाबी म्हणजे कच्चंच ना?" वहिनी म्हणाल्या. "पूरं शिजव, बापा. आमी काई घाईत नाई."

बशा आल्या त्या परातीएवढ्या. मधोमध तळहाताएवढा तुकडा, कडेला चार शेंगा आणि घोटलेला बटाटा.

"अन् रस्सा?" सुदामनं विचारलं.

वेटरनं छोट्या वाटीतला मिऱ्यांचा सॉस पुढे केला. सुदामनं बोट बुडवून चाखला. "रश्श्याचा दूरचा पाहुणा दिसते." (पाहुणा म्हणजे आमच्याकडे नातेवाईक.)

मटण मात्र सुरेख होतं. सुरी लावताच कापलं जात होतं, धुराचा वास होता, आत रस होता. फक्त मीठ बेताचं. वहिनींनी पर्समधून स्टीलची डबी काढली आणि टेबलाखाली उघडली. वेटर वाकून हळूच म्हणाले, "भिवापुरी मिरचीचा ठेचा वाटते." वहिनींनी त्यांनाही बोटभर देऊ केला. तेवढ्यात माझ्या सुरीखालून एक तुकडा निसटला आणि शेजारच्या साहेबांच्या बुटापाशी जाऊन पडला. त्यांनी इकडे न बघता, बुटाच्या टोकानं तो हळूच आमच्या हद्दीत परत ढकलला. प्रज्ञा हसून हसून लाल झाली.

जेवण झालं. वेटर केक घेऊन आले आणि विचारते झाले, "दोघं भाऊ आहात का?"

"भावाहून जास्त," सुदाम म्हणाला, आणि त्यानं बर्फाची गोष्ट सुरू केली. लादी, भुसा, शर्ट, बनियन. वेटर हसत ऐकत होते. तो 'भरोसा' या शब्दापर्यंत आला तेव्हा मी बोललो.

"सुदाम, पांढुर्ण्याचा कारखाना त्या दिवशी चालू होता."

"चालू होता म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. घोकलेलं पहिलं वाक्य आठवलंच नाही. कसंबसं, उलटसुलट सांगितलं. वेटर केकची सुरी ठेवून निघून गेले.

"तुझे बाबा म्हणत होते?" सुदामनं विचारलं.

"मागे बसव एवढंच ते म्हणाले. नागपूरला मी पाठवलं."

"माझी माय तुले पहिले वाढे, बे."

मी मान खाली घातली. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मले माहीत होतं. बर्फ पांढुर्ण्यात भेटे, हे साऱ्या मुलखाले माहीत होतं. याईलेच नोतं."

"अन् तू मले सांगतलं नाई? इतके वर्ष?"

"तुमाले गोष्ट आवडत होती," वहिनी म्हणाल्या.

सुदामनं केकचा तुकडा ओढून घेतला. "आजच सांगाचं होतं काय, मनोहर? उद्या सांगतलं असतं तं केक तरी गोड लागला असता." तो तुकडा त्यानं संपवला. पण प्रज्ञाच्या घरी पोहोचेपर्यंत आणि तिथे झोपायला जाईपर्यंत तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही.

रविवारी सकाळी आम्ही परत निघालो. तो पुढच्या सीटवर, मी मागे. सावनेरपर्यंत गाणं नाही, शिट्टी नाही. लोधीखेड्याच्या अलीकडे त्यानं मागे न वळता विचारलं, "त्या दिवशी पंगतीत काय होतं?"

"वरण-भात, वांग्याची भाजी, पुरी, बुंदी."

"मले बुंदी नोती भेटली. तुझी आई म्हणे, सरली."

प्रज्ञानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी जरा हळू केली.

सौंसर आल्यावर सुदामनं गाडी घरी जाऊ दिली नाही. बस स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर थांबवली. तिथे रविवारी त्याचे पोस्टातले जुने सोबती बसतात. चार-पाच जण होते. त्यानं मला दंडाला धरून बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला.

"याले बर्फाची गोष्ट सांगाची आहे," तो म्हणाला.

"पुन्हा?" एक जण कण्हला. "पाठ झाली, राजा, आमाले."

"हे तुमाले पाठ नाई. आता मनोहर सांगते. अन् जिथं जिथं मी सांगतली, तिथं तिथं तोच सांगन. पोस्टात, माझ्या सासरी, सगळीकडे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "लिहाचं असन तं लिहूनही काढ. पण तोंडानं सांगाचं चुकाचं नाई."

हॉटेलात सांगून टाकलं की ओझं उतरेल, असं मला वाटलं होतं. पण अंधारात, घरच्याच माणसांत सांगणं सोपं होतं. फसवलं एकट्या सुदामला, तरी ती गोष्ट खरी धरून हसलेली माणसं दोन तालुक्यांत पसरली होती, आणि खरं दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्यांच्यासमोर हसं त्याचं होणार होतं, माझं नव्हे. ते त्यानं एका रात्रीत ओळखलं. मला पन्नास वर्षांत ओळखता आलं नव्हतं.

चहा आला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी सुरुवात केली, लग्नापासून, गावजेवणापासून. 'पंगत' या शब्दापाशी आलो आणि चष्मा काढून पुसू लागलो.

सुदामनं चहाचा घोट घेतला. "पुढं," तो म्हणाला.