बघतंय कोण?

माझ्या रूममेटच्या शेजारी बसून एखादी जाहिरात सुखाने शेवटपर्यंत पाहिलेला माणूस उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. ती वडवणीजवळच्या खेड्यातली, मी धरणाच्या माजलगावची. त्यामुळे वसतिगृहाच्या नळाला पाणी आलं नाही की ‘धरणवाली’ म्हणून ती मलाच धारेवर धरायची. विद्यापीठात आम्ही दोघींनी माध्यमं आणि लिंगभाव हा विषय घेतला. मी घेतला, कारण त्याचा तास उशिरा सुरू व्हायचा. तिला मात्र त्या विषयाने पार झपाटलं. चित्रातली बाई कशी दिसते यापेक्षा ती कुणाच्या नजरेतून दिसते ते विचारा, असं सरांनी सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी ते परीक्षेपुरतं लिहून घेतलं. हिने त्यातून ‘बघतंय कोण?’ एवढं उचललं आणि दिसेल त्याला विचारत सुटली.

साबणाची जाहिरात लागली की ‘ही आंघोळ कुणासाठी करायली?’ म्हणून ती टीव्हीलाच जाब विचारायची. मेसमधलं सराफाचं कॅलेंडर तिच्या तावडीतून सुटलं नाही आणि माझ्या ताईच्या लग्नाचा अल्बमही नाही. एकदा सिनेमात नायक नायिकेचा पिच्छा पुरवत होता, तर ही भर अंधारात उभी राहून नायिकेला पोलिसात जायचा सल्ला देऊन मोकळी. मागची पोरं फिदीफिदी हसली. मध्यंतरात हिने त्यांनाच गाठलं, आणि सामोसा संपेपर्यंत त्यातला एकजण होणाऱ्या बायकोशी फोनवर काय बोलावं हे हिलाच विचारत होता. मालिकांवर तर तिचा खास राग. “सिरियलमधल्या बाईला इच्छा म्हणून न्हाईच,” ती म्हणायची. “चक्कर येती अन् डायरेक पाळणा हालतो.” हे ऐकून मेसच्या मावशींनी तव्यावरची पोळी करपवली होती. देह, इच्छा हे शब्द आम्ही दार लावून कुजबुजायचो. ती ते मिरचीचा भाव विचारावा इतक्या सहज बोलायची. मला तिचा फार हेवा वाटायचा, आजही वाटतो.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. तिची आई गावातल्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष. जनावरं चारा छावणीत गेली तेव्हा या बाई रोज सकाळी कॅन घेऊन छावणीवर जायच्या आणि तिथून दूध गोळा करायच्या, म्हणून संस्था तगली. वार्षिक सभेला मीही मैत्रिणीबरोबर गेले. बुद्धविहारासमोर फ्लेक्स लागला होता. खाली अध्यक्ष म्हणून तिच्या आईचं नाव आणि वर हातात दुधाचा ग्लास घेतलेली, लिपस्टिक लावलेली, इंटरनेटवरून उचललेली कुणी गोरीपान बाई. मी पोट धरून हसले. मैत्रीण तरातरा घरात शिरली.

“माय, अध्यक्ष तू हाईस का ती?”

आई कॅन पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “फ्लेक्सवाल्याला मीच सांगितलं, माझा लावू नको. माझा फोटू एकदा पेपरात आलाय. तेवढा बास.”

मग हळूहळू उलगडा झाला. उन्हाळ्यात टँकर आला तेव्हा शहरातून एक फोटोग्राफर आला होता. मोटारसायकलींना ड्रम बांधून पाण्याला आलेल्या पुरुषांना त्याने बाजूला केलं. दुधाचं काम उरकून आलेल्या या बाईंच्या हातातला प्लास्टिकचा हंडा काढून पितळी घागर दिली, पदर डोक्यावर घ्यायला लावला आणि हसू नका म्हणून बजावलं. पेपरात खाली नाव नव्हतं, ‘दुष्काळाचा चेहरा’ एवढंच. तो फोटो मी पाहिला होता. हिनेच तो वर्गात लावला होता, तासभर त्याची चिरफाड करून टाळ्या घेतल्या होत्या. त्यातली बाई तिची आई आहे हे तिने आम्हाला सांगितलं नव्हतं, आणि तो पाहून आईला काय वाटलं हे आईला विचारलं नव्हतं.

ती आईसमोर खाली बसली. जगाला प्रश्न विचारणाऱ्या त्या पोरीने पहिल्यांदाच आईला विचारलं, “मंग तुला कसं दिसायचंय?”

आई उठल्या. मनगटावर घड्याळ बांधलं, डेअरीत गेल्या आणि फॅट मोजायच्या यंत्राशेजारी आपल्या खुर्चीत ताठ बसल्या. मैत्रिणीने फोटो काढायला फोन माझ्याकडे दिला आणि ती माझ्या मागे जाऊन उभी राहिली.

“कुणाकडं बघू?” आईंनी विचारलं.

“माझ्याकडं बघ,” ती म्हणाली.

नव्या फ्लेक्ससाठी तो फोटो दिला, तेव्हा नजर कॅमेऱ्यात नाही, दुसरा काढा, असं फ्लेक्सवाला म्हणाला होता. आईंनी ऐकलं नाही. आता मैत्रीण दूरच्या शहरात शिकवते, फोनही क्वचित होतो. जाहिराती मी निवांत पाहू शकते आणि त्यात काही मजा येत नाही. तो फ्लेक्स उन्हाने कधीच विटला, पण फोटो चौकटीत घालून डेअरीत लावलाय. नवीन आलेलं कुणीतरी विचारतंच, अध्यक्षबाई अशा बाजूला कुणाकडे बघतायत, आणि बघताना हसतायत कशाला. मला ठाऊक आहे. माझ्या खांद्यामागे त्यांची लेक रडत उभी होती.